अप्पांच्या डब्यातली तिकिटं मुलांना हस्तकलेला द्यावीत का?

कृष्णाकाठची

नमस्कार. मी मिरजेची. प्रश्न जरा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही नीट सुचवता येणार नाही.

माझे वडील, अप्पा, गेल्या श्रावणात गेले. तहसील कचेरीत सदतीस वर्षं नोकरी झाली त्यांची. पोस्टाची तिकिटं जमवायचे, पण वही केली नाही की अल्बम आणला नाही. संध्याकाळचा चहा झाला की आलेल्या पाकिटाचा कोपरा छोट्या कात्रीनं चौकोनी कापायचे आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. ती कात्री फक्त तिकिटांची. आम्हा भावंडांना तिला हात लावायची मुभा नव्हती. असे दोन डबे माझ्याकडे आलेत, एक काठोकाठ भरलेला आणि एक अर्धा. कचेरीतल्या टपालाची तिकिटं आहेत, मुंबईच्या आत्याच्या पत्रांची आहेत, आणि अप्पांचा एक शाळासोबती नैरोबीला गेला होता त्याच्या पत्रांवरचीही आहेत. त्यांतल्या काहींवर केनिया, युगांडा, टांझानिया अशी तीन देशांची नावं एकाच तिकिटावर आहेत. ते काय प्रकरण आहे मला कळलेलं नाही.

मे महिन्यात माझ्याकडे पाच मुलं असतात. माझी दोन, भावाची दोन आणि शेजारची एक. वय वर्षं पाच ते बारा. दुपारी ऊन इतकं असतं की बाहेर सोडता येत नाही, आणि मोबाइल हातात द्यायचा नाही असं मी आणि वहिनीनं ठरवलंय. म्हणून म्हटलं, ही तिकिटं घेऊन काहीतरी करू. फुलपाखराचा आकार काढून त्यात तिकिटं चिकटवायची, असं मनात होतं.

गेल्या रविवारी बसलो आणि पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. तिकिटं लवकर सुटावीत म्हणून मी पाणी चांगलं कढत घेतलं. त्यात लग्नपत्रिकेच्या गुलाबी पाकिटाचे तुकडे होते ते मी पाहिले नाहीत. बघता बघता परातीतलं सगळं पाणी गुलाबी. साठ-सत्तर तिकिटं रंगली. त्यात थोरल्या भाच्यानं घाईनं एक तिकीट ओढलं आणि ते मधोमध फाटलं. दोन आण्यांचं होतं, त्यावर दोन रेल्वे इंजिनं, एक जुन्या काळचं आणि एक नवं. मी त्याच्यावर केवढ्यांदा ओरडले! तो रात्री न जेवता झोपला आणि मला झोप लागली नाही. अप्पा असते तर ओरडले नसते, हे मला माहीत आहे.

तर विचारायचंय ते असं. ही तिकिटं मुलांच्या हातात द्यावीत का? त्यात काही मोलाचं असेल तर ते कसं ओळखायचं? पाकिटाचा कागद सोडवायची बरोबर रीत कोणती? आणि फुलपाखरापेक्षा चांगलं काही सुचतंय का कुणाला? कात्रीनं तिकिटं कापायची कल्पना मला मुळातच बरी वाटत नाहीये.

सह्यकडा

ताई, माझं स्पष्ट मत आहे की देऊ नका. जुन्या तिकिटांना चांगली किंमत येते असं ऐकून आहे. एखाद्या जाणकाराला डबा दाखवा आणि मग काय ते ठरवा. मुलांना घोटीव कागद आणून द्या, त्याचीही फुलपाखरं छान होतात.

लालपेटी

कृष्णाकाठची ताई, आधी त्या भाच्याला सांगा की पोस्टात चौतीस वर्षं काढलेल्या एका म्हाताऱ्याच्या हातूनही तिकिटं फाटलेली आहेत. तळकोकणातल्या छोट्या पोस्टांत माझी नोकरी झाली, बहुतेक खिडकीवरच. तिकिटं विकली, त्यांच्यावर शिक्के मारले आणि घरी येऊन तीच जमवली.

सह्यकडा यांची काळजी मला समजते. पण अशा डब्यातली शंभरातली नव्वद तिकिटं बाजारात कुणी विकत घेत नाही. रोजच्या वापराची तिकिटं अमाप छापली जात. नाशिकरोडच्या छापखान्यातून १९२६ सालापासून देशभर तिकिटं जात आली आहेत, त्यामुळे शिक्का बसलेलं साधं तिकीट दुर्मीळ होत नाही. उरलेली दहा मात्र बाजूला काढायला हवीत, आणि हे काम मुलांकडूनच करून घ्या. त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तेज असतात.

पंखा बंद करा, पांढरी चादर पसरा आणि डबा त्यावर ओता. पाण्याला अजून हात लावायचा नाही.

अख्खं पाकीट किंवा पोस्टकार्ड सापडलं तर त्याचा कोपरा कापू नका. गावाचं नाव आणि तारीख वाचता येणारा गोल शिक्का ज्यावर आहे, ते पाकीट तसंच ठेवायचं. पाकिटावर तिकीट, शिक्का, पत्ता आणि अक्षर असं सगळं एका जागी असतं.

राजाचं किंवा राणीचं डोकं असलेली भारताची तिकिटं वेगळी काढा. किंमत आण्यांत असेल तीही काढा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, म्हणजे आणे दिसले की तिकीट त्याआधीचं. पुढची काही वर्षं तिकिटांवर ‘नये पैसे’ आहेत आणि १९६४ मध्ये त्यातला ‘नया’ गेला. बारा वर्षांच्या मुलाला एवढं सांगितलं की तो स्वतःच तिकिटांचा काळ लावत बसेल. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं निघाली होती, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये, स्वित्झर्लंडमध्ये छापलेली. दहा रुपयांचं सापडलं तर मला जरूर कळवा. कचेरीच्या टपालावर ते येणं कठीण, पण आशा ठेवायला काय हरकत आहे.

दोन तिकिटं मुलांना मुद्दाम शोधायला लावा. एक महर्षी कर्व्यांचं, १५ नये पैशांचं. १८ एप्रिल १९५८ ला त्यांना शंभर वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी ते निघालं, आणि कर्वे तेव्हा हयात होते. जिवंत भारतीय माणसाच्या गौरवासाठी आपल्या पोस्टानं काढलेलं ते पहिलं तिकीट. दुसरं म्हणजे ५ पैशांचं, कुटुंबनियोजनाचं लाल तिकीट, ज्यावर ‘शरणार्थी सहायता’ अशी अक्षरं वरून छापली आहेत. १९७१ च्या नोव्हेंबरात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठी पत्रामागे पाच पैसे जास्तीचे घ्यायला सुरुवात झाली आणि ती आकारणी १९७३ पर्यंत चालली. छापील तिकिटं पोचेपर्यंत काही ठिकाणी साध्या तिकिटांवर रबरी शिक्का मारूनही काम भागवलं. त्या काळातल्या टपालातून जमवलेल्या डब्यात हे नसेल असं मला वाटत नाही. पाच पैशांत एका घरानं दुसऱ्या घराला काय दिलं, हे मुलांना सांगण्यासारखं आहे.

तुमच्या नैरोबीच्या तिकिटांचं सांगतो. पूर्व आफ्रिकेतल्या त्या तीन देशांचं टपाल खातं एकच होतं, त्यामुळे तिकीटही तिघांचं मिळून निघे. १९७० च्या दशकात ते वेगळे झाले. ती मुलांना नकाशासोबत द्या.

आणि फाटलेलं तिकीट. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून ते १९५३ चं रेल्वे शताब्दीचं दिसतंय. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, तिला शंभर वर्षं झाली म्हणून काढलेलं. संग्राहक फाटकं तिकीट घेत नाहीत. पण टाकू नका.

आता पाणी. कोमट, हाताला सुखाचं लागेल इतकंच. रंगीत कागदावरची आणि जांभळ्या शाईच्या शिक्क्याची तिकिटं वेगळ्या ताटलीत, गार पाण्यात. तुकडे चित्र वर ठेवून पाण्यावर नुसते सोडायचे. खालून कागद भिजतो, डिंक सुटतो आणि पंधरा-वीस मिनिटांत तिकीट आपोआप सरकतं. ओढायचं नाही. ओढावं लागतंय म्हणजे वेळ झालेली नाही. सुटलेलं तिकीट दुसऱ्या स्वच्छ पाण्यात एकदा बुडवा, मागचा चिकटपणा बोटानं हलकेच काढा, आणि चित्र खाली करून कोऱ्या कागदावर ठेवा. वर्तमानपत्रावर नको, शाई लागते. अर्धवट वाळली की कोऱ्या कागदांच्या मध्ये घालून रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबायची. सकाळी सपाट. ओलं तिकीट फार नाजूक असतं. चिमट्यानं उचला, पण भुवयांचा टोकदार चिमटा नको, सपाट तोंडाचा घ्या.

अलीकडची सुवासिक तिकिटं असली तर पाण्यात घालू नका. २००६ साली चंदनाच्या वासाचं निघालं होतं, त्यानंतर गुलाबाचं आणि मोगऱ्याचं. कागदासकटच कापून ठेवा.

राहिली ती तुमच्या वडिलांची साधी तिकिटं, म्हणजे कापसाच्या बोंडाचं एक रुपयाचं वगैरे. ती निःसंकोच मुलांना द्या.

खडूफळा

लालपेटी काकांनी पाण्याचं सगळं सांगितलं आहे, त्यामुळे मी कागदावर येते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव शिकवते आणि तिकिटांचा हा उद्योग सहा-सात वर्षं करत आले आहे.

तुम्हाला कापायला बरं वाटत नाहीये ना, तर कापूच नका. फुलपाखराच्या आकारात तिकिटं बसवायची म्हणजे कडेची सगळी तिरकी कापावी लागतात आणि दातेरी कड निघून जाते. मुलांना ती कडच तर सगळ्यांत जास्त आवडते. शिवाय आकार भरायला तिकिटं फार लागतात. ए-फोर कागद छोट्या तिकिटांनी पूर्ण झाकायचा तर शंभराच्या वर. पाच-सात वर्षांची मुलं वीस चिकटवून कंटाळतात आणि उरलेली बाई चिकटवत बसतात, हे मी स्वतः केलेलं आहे.

त्याऐवजी मी एका मुलाला एकच तिकीट देते. ते कागदावर कुठेही ठेवायचं, चिकटवायचं नाही, आणि बघत बसायचं. मग मी विचारते, “ह्या चौकटीच्या बाहेर काय असेल?” तिकिटात झाडाची फांदी आहे, तर बाकीचं झाड कुठे गेलं? पक्षी डावीकडे बघतोय, तो काय बघतोय? पहिली दहा-पंधरा मिनिटं मुलं नुसती तिकीट सरकवत राहतात. कुणी मधोमध ठेवतं, कुणी एकदम कोपऱ्यात. ह्या वेळी घाई करू नका. तिकिटाची जागा ठरली की चित्र निम्मं झालेलं असतं. मग पेन्सिलीनं तिकिटातल्या रेषा बाहेर ओढायच्या, रंगवायचं, आणि तिकीट सगळ्यांत शेवटी लावायचं.

कापसाच्या बोंडाचं ते एक रुपयाचं तिकीट माझ्या वर्गात सोन्यासारखं आहे. आमच्याकडच्या मुलांनी त्याच्याभोवती अख्खी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड काढलं, वेचणीला वाकलेल्या बाया काढल्या, कापसानं भरलेली बैलबंडी काढली. चौथीतला एक मुलगा मला म्हणाला, “मॅडम, बोंड इतकं फुटलं म्हणजे हे दिवाळीनंतरचं चित्र आहे, मी थंडी दाखवतो.” आणि त्यानं वेचणाऱ्या बाईच्या डोक्याला घट्ट रुमाल बांधला. त्याच्या घरी दोन एकर कापूस आहे. मी त्याला काही शिकवलं नव्हतं.

चिकटवायला फेविकॉल वापरू नका, तिकीट कायमचं अडकतं. खळ करा. दोन चमचे मैदा आणि वाटीभर पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत राहायचं, पारदर्शक झाली की उतरवायची. दोन दिवस टिकते. पुस्तकं बांधणारे कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, तो विषारी असतो, मुलांच्या खळीत तो घालायचा नाही म्हणजे नाही. पाच वर्षांचं मूल बोट चाटतंच.

मोठ्या मुलांना बिजागरी शिकवा. पातळ ट्रेसिंग कागदाची बोटाच्या नखाएवढी पट्टी घ्यायची, दुमडायची, एका बाजूला खळ लावून ती तिकिटाच्या मागे वरच्या कडेला लावायची आणि दुसरी बाजू चित्राच्या कागदाला. तिकीट दारासारखं उघडतं आणि पुढे कधी काढावंसं वाटलं तर निघतं. तिकिटाखाली लपलेल्या जागेत माझ्या मुलांना गुपित लिहायला आवडतं.

ज्या तिकिटांना गुलाबी रंग लागलाय ती फेकू नका. संध्याकाळचं आभाळ करायला ठेवा.

आणखी एक सांगते, कारण मला स्वतःला हे वाचून फार धीर आला होता. पहिलं तिकीट इंग्लंडात १८४० साली निघालं. लगेच पुढच्या वर्षी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये एका तरुणीची जाहिरात आली होती. तिला तिच्या खोलीच्या भिंती वापरलेल्या तिकिटांनी मढवायच्या होत्या. मित्रमंडळींच्या मदतीनं सोळा हजार जमली आहेत, आणखी हवीत, असं तिनं छापलं होतं. म्हणजे तिकिटं निघाली तेव्हापासून माणसं ती भिंतीला, कागदाला चिकटवत आली आहेत. अप्पांच्या तिकिटांचा मुलांनी खेळ केला तर त्यात अनादर काही नाही, ताई.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. माझ्या मुलीनं हे वाचून इथली तिकिटं परातीत घातली. इथली हल्लीची बहुतेक तिकिटं स्टिकरसारखी असतात, पाण्यात सुटत नाहीत, नुसता चिखल झाला. परदेशातल्या नातेवाइकांकडून कुणी तिकिटं मागवणार असाल तर कागदासकट, सभोवती थोडी जागा सोडून कापायला सांगा आणि तशीच लावा. ताई, मुलांची चित्रं इथे नक्की सांगा. इकडे मराठी शाळेत मे अखेरीस शेवटचा वर्ग असतो, त्यात मला हेच करायचं आहे.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहितेय. रोज दुपारी तीन ते पाच हेच चाललं होतं.

वेचणीला चार दुपारी गेल्या. चादरीवर एका बाजूला आणे, एका बाजूला नये पैसे, एका बाजूला परदेश. कर्व्यांचं तिकीट मिळालं! माझ्या मुलीला मिळालं, आठ वर्षांची आहे. माझी आजी कर्व्यांच्याच हिंगण्याच्या आश्रमात शिकलेली, हे मी तिला तोवर कधी सांगितलंच नव्हतं. तिकीट हातात आलं तेव्हा सांगितलं. ते आम्ही चित्राला वापरलं नाही, वेगळं ठेवलंय. शरणार्थी सहायतेची अकरा सापडली. गांधीजींचं दीड आण्याचं एक मिळालं, दहा रुपयांचं नाही.

दुसऱ्या डब्याच्या तळाशी दोन अख्खी पाकिटं होती. दोन्हींवर अप्पांच्या आईचं नाव, पत्ता अप्पांच्या अक्षरात. नोकरीच्या सुरुवातीला ते जतला होते, तिथून घरी पाठवलेली. आत पत्र नाही. काकांनी सांगितलं नसतं तर मी नक्की कोपरे कापले असते.

पाण्याचं काम कोमट पाण्यानं इतकं सोपं झालं की मला मागच्या रविवारची आठवण येऊन वाईट वाटलं. शेजारचा सात वर्षांचा मुलगा परातीपाशी घड्याळ घेऊन बसायचा आणि वीस मिनिटं पुरी झाल्याशिवाय कुणाला बोट लावू द्यायचा नाही. घरातले सगळे जाडजूड ग्रंथ, ज्ञानेश्वरीसकट, तिकिटांवर ठेवले होते.

खडूफळा, तुमचा एका तिकिटाचा नियम मी पाळला. पहिल्या दिवशी वाटलं, ही मुलं एका तिकिटावर दहा मिनिटंही टिकायची नाहीत. पाच वर्षांच्या धाकटीनं नैरोबीच्या पत्रावरचं एक तिकीट घेतलं, मोठ्या माशाचं. कागदाच्या अगदी वरच्या कडेला ठेवलं आणि खाली सगळा कागद निळा रंगवला. मी म्हटलं, मासा इतका वर कशाला? म्हणाली, “तो श्वास घ्यायला आलाय.” मी पुढे काही बोलले नाही.

भाच्यानं पहिले दोन दिवस चित्रच काढलं नाही. वेचायला बसायचा, पण कागद घ्यायचा नाही. तिसऱ्या दिवशी ते फाटलेलं इंजिनांचं तिकीट त्यानं माझ्याकडे मागितलं. दोन तुकडे कागदाच्या दोन टोकांना ठेवले आणि मध्ये खंडाळ्याचा घाट काढला. डोंगर, धबधबे, वरून करवंदाच्या जाळ्या, आणि मधोमध लांबच लांब बोगदा. अर्धं तिकीट बोगद्यात शिरतंय आणि अर्धं दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतंय. आम्ही मुंबईला आत्याकडे जातो तेव्हा ह्याच मार्गानं जातो, बोगदा आला की मुलं ओरडतात. त्यानं बोगद्याच्या वर बारीक अक्षरात ‘कू’ असं लिहिलंय. चित्र मी समोरच्या खोलीत लावलंय, जिथे ऊन येत नाही त्या भिंतीवर.

गुलाबी तिकिटांचं खरंच आभाळ केलं. सगळ्यांनी मिळून, मोठ्या कार्डशीटवर, खाली कृष्णेचा घाट. ह्या एका चित्रात मात्र तिकिटं एकावर एक दाटीनं लावली, मावळतीच्या ढगांसारखी. एकही कापली नाही.

आता लालपेटी काकांसाठी एक प्रश्न उरलाय. तीन-चारशे तिकिटं अशी आहेत की त्यांवर अशोकस्तंभाचे सिंह आहेत आणि इंग्रजीत ‘सर्व्हिस’ लिहिलंय. एवढी सारखी कशी? मुलांपैकी कुणीच त्यांतली चित्रासाठी घेत नाहीये, फार साधी दिसतात. त्यांचं काय करू?

लालपेटी

ताई, खंडाळ्याचा बोगदा वाचून मी दोनदा चष्मा पुसला.

‘सर्व्हिस’ची तिकिटं सरकारी कामाच्या टपालासाठी असत. एका कार्यालयानं दुसऱ्याला पाठवलेल्या पाकिटावर तीच लागायची, खाजगी पत्राला चालत नसत. तहसील कचेरीत दुसरं काय येणार? आणेवारीची पत्रकं, जमीन महसुलाची विचारणा, टंचाईचे अहवाल. ते सगळं टपाल तुमच्या अप्पांच्या टेबलावरून गेलेलं आहे.

चित्राला नाही घेतली तरी हरकत नाही. मोठ्या भाच्याला एक भिंग द्या आणि शिक्के वाचायला बसवा. कापलेल्या कोपऱ्यावर शिक्का अर्धाच येतो, कधी ‘तास’ एवढंच दिसेल, कधी ‘आटप’, कधी नुसतं वर्ष. सांगली जिल्ह्याचा मोठा नकाशा पुठ्ठ्यावर काढा आणि ज्या गावाचा शिक्का जुळेल त्या गावावर ते तिकीट बिजागरीनं लावा. तासगाव, आटपाडी, विटा, जत, कवठे महांकाळ. जतला ती दोन पाकिटं जोडून ठेवता येतील, प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत घालून, चिकटवून नव्हे.

भाचा सहावीत गेला असेल किंवा जाणार असेल तर आणखी एक. सहावी ते नववीच्या मुलांसाठी टपाल खात्याची ‘दीनदयाळ स्पर्श’ नावाची शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ६००० रुपये, तिकिटसंग्रहावरच्या प्रश्नमंजूषेतून आणि प्रकल्पातून निवड होते. शाळेत तिकिटांचा क्लब असावा लागतो किंवा मुलाचं स्वतःचं फिलाटेली, म्हणजे तिकिटसंग्रहाचं खातं. ते खातं २०० रुपयांत मोठ्या पोस्टात उघडतं आणि नवीन तिकिटं घरपोच येतात. शिक्क्यांचा नकाशा हा त्याचा प्रकल्प होऊ शकतो.

पहिल्या काही शिक्क्यांना तो अडेल. अक्षरं पुसट असतात. तिकीट तिरकं धरून खिडकीच्या उजेडात बघायला सांगा, दिव्याच्या नको.